जखमी शिपायाचे मुखत्यार

लढाईत पडलेल्या वा निकामी झालेल्या माणसाच्या घरची तजवीज करणे हे राज्यकर्त्यांचे जुने कर्तव्य होय, हे पेशवे दप्तरातील बालपरवेशीच्या नोंदी चाळणाऱ्यास सांगावयास नको. परंतु सरकारने दिलेले वचन आणि शिपायाच्या हाती प्रत्यक्ष पडणारा पैसा यांच्यामध्ये कागदांचे जे अरण्य माजते, त्यातून त्याला विनामूल्य पार नेणारी माणसे कशी निर्माण झाली, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील निवृत्तिवेतनाचा इतिहास उलगडावा लागतो.

यादवी युद्ध ऐन भरात असताना, १४ जुलै १८६२ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने, सर्वस्वी निकामी झालेल्या साध्या शिपायास दरमहा ८ डॉलर आणि लेफ्टनंट कर्नल व त्यावरील अंमलदारांस ३० डॉलर ठरवून दिले. त्याच कायद्याने अर्ज चालविणाऱ्या मुखत्याराची फी ५ डॉलरांवर बांधली. १८६४ साली ती १० डॉलर झाली, आणि त्याहून अधिक घेणाऱ्यास दंड व सक्तमजुरी सांगितली गेली. शिपायाच्या दुःखावर गबर होऊ पाहणारे दलाल कायदेमंडळाच्या दृष्टीसमोर स्पष्ट उभे होते, हे या कलमावरून उघड होते.

मुखत्याराची गरज तरी का पडावी? गोळीने हात गेला असेल तर तो कोणासही दिसतो. परंतु छावणीतील दूषित पाण्याने जडलेला जुनाट अतिसार, किंवा पावसात पहारा देताना सांध्यांत शिरलेला वात, हा नोकरीतच उद्भवला हे सिद्ध कसे करावयाचे? त्यासाठी अर्जदाराचे शपथेवरील निवेदन, अंमलदाराची अथवा सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे, युद्धखात्याच्या दप्तरातील हजेरीपटांचा व रुग्णालयाच्या नोंदींचा दाखला आणि शेवटी सरकारमान्य डॉक्टरांची तपासणी, एवढे सोपस्कार पुरे व्हावे लागत. आणि ज्याची साक्ष हवी तो कप्तान रणांगणावर मेलेला, सोबती पश्चिमेकडे पांगलेले, व खुद्द अर्जदारास कधी कधी सही करण्यापलीकडे लिहिता येत नाही, अशी अवस्था असे. कृष्णवर्णीय शिपायांची स्थिती याहून बिकट होती, कारण गुलामगिरीत जन्मतारखेची नोंद नव्हती, विवाहास कायद्याची मान्यता नव्हती, आणि मुक्ततेनंतर कित्येकांनी धन्याने दिलेले नाव टाकून दुसरे घेतलेले असल्यामुळे, शिपायाच्या विधवेला आपण त्याचीच पत्नी होतो हे प्रथम सिद्ध करावे लागे.

या लोकांसाठी फ्रीडमेन्स ब्यूरो या सरकारी खात्याने दावे चालविले, आणि लोकवर्गणीवर उभ्या असलेल्या सॅनिटरी कमिशनने शिपायांचे व खलाशांचे अर्ज विनाशुल्क तयार करून देणारी कचेरी थाटली. माझ्या मते त्या देशातील मोफत साहाय्याचे मूळ येथेच शोधावे. परंतु दोन्ही संस्था अल्पायुषी ठरल्या, आणि मैदान पुन्हा मुखत्यारांच्या हाती गेले. प्रत्येक अर्जामागे दहा डॉलर ही रक्कम लहान खरी. तथापि अर्ज हजारोंनी येऊ लागले की तीच मोठी होते. वॉशिंग्टनमधील जॉर्ज लेमन या माजी सैनिकाने याच धंद्यावर मोठे दफ्तर चालविले, आणि १८७७ साली ‘नॅशनल ट्रिब्यून’ हे पत्र काढून शिपायांच्या हक्कांचा जो पुकारा केला, त्यात त्याचे हित व त्यांचे हित वेगळे करून दाखविणे कठीण आहे. १८७९ व १८९० च्या कायद्यांनी निवृत्तिवेतनाचा परीघ इतका वाढला की १८९० नंतरच्या दशकारंभी संघराज्याच्या उत्पन्नाचा सुमारे दोन-पंचमांश भाग त्यावर खर्च होऊ लागला.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. अमेरिकन लीजन १९१९ साली आणि अपंग सैनिकांची स्वतःची संघटना १९२० साली स्थापन झाली. स्वतः जायबंदी झालेली माणसे कायद्याची कलमे व वैद्यकीय परिभाषा आत्मसात करून सोबत्यांचे मुखत्यारपत्र घेऊ लागली, आणि अर्जदाराकडून पै न घेता त्याच्या वतीने सरकारी अंमलदारासमोर उभी राहू लागली. १९३६ साली कायद्यानेच अशा संस्थांच्या प्रतिनिधींना मान्यता दिली. ज्याने स्वतः एकदा त्या डॉक्टरी तपासणीच्या खोलीत आपला तुटका पाय दाखविला आहे, तोच दुसऱ्याला तेथे काय सांगावे हे समजावून देऊ शकतो; कोणत्याही वेतनी वकिलास ही विद्या सहज येणार नाही.

मात्र दहा डॉलरांची मर्यादा शतकाहून अधिक काळ जशीच्या तशी राहिली, त्यामुळे गुंतागुंतीच्या दाव्यात सैनिकाला स्वखर्चाने वकील मिळणेही अशक्य झाले, ही तिची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गाने आजारी पडलेल्या सैनिकांनी या मर्यादेविरुद्ध दाद मागितली; १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा कायम केली, कारण शिपायाच्या रकमेत वकिलाची वाटणी असू नये हा हेतू त्याला रास्त वाटला. १९८८ साली सैनिकांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायालय निघाले आणि अपिलाच्या अंतिम निर्णयानंतर वाजवी फी घेण्याची मुभा मिळाली. २००६ च्या कायद्याने ती मुभा आणखी आधीच्या टप्प्यावर आणली.

पहिला अर्ज करून देण्यासाठी मोबदला घेणे आजही निषिद्धच आहे. परंतु त्याच २००६ च्या कायद्याने फौजदारी शिक्षेचे कलम काढून टाकल्यामुळे, मान्यता नसलेल्या कंपन्या सल्लागार म्हणवून घेऊन सैनिकाकडून त्याच्या भत्त्यातील अनेक महिन्यांच्या वाढीइतकी रक्कम मागू लागल्या आहेत. ते कलम पुन्हा कायद्यात यावे असे मला मनःपूर्वक वाटते; कारण मोफत साहाय्य देणारे संघटनांचे व जिल्ह्यांचे प्रतिनिधी अजूनही जागोजाग बसलेले आहेत, आणि नव्याने परतलेल्या शिपायाला त्यांचा पत्ता कंपनीच्या जाहिरातीआधी कळला पाहिजे.