नृसिंह आणि नियमातील फट

खेळातील विलक्षण प्राण्याचे रूप कसे असावे आणि नियमाचा अर्थ कसा लावावा, हे वाद १९७४ साली अमेरिकेत आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून सुरू झाले, असा समज आहे. पारनेरला साहित्य शिकविताना आम्हांस तो अपुरा वाटतो.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत १२० गोल पाने असतात : दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि १ ते १० अंकांची पाने. अंकांच्या पानांत पाच अवतारांत दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांत एक्का. दिवसा डाव रामाच्या राजाने उघडायचा, रात्री कृष्णाच्या. राम माध्यान्हीचा, कृष्ण मध्यरात्रीचा. म्हणून हे पटते. पण तिन्हीसांजेला काय? नृसिंह अवतरला तो अशाच फटीतून. हिरण्यकशिपूचा वर असा : मरण माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. यातला एकही शब्द न मोडता अर्थ लावला की जे रूप उरते ते नृसिंहाचे. ते चित्रकाराच्या लहरीतून आलेले नाही, नियमाच्या वाचनातून आले आहे.

१९७० च्या दशकात शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी ही लयास चाललेली कला सावरली. आज पाने रंगविली जातात, विकलीही जातात. डाव मात्र क्वचितच मांडला जातो. चित्र काचेआड टिकते. नियम टिकायला तीन खेळाडू आणि त्यांचा वाद लागतो. संहिता जपण्यातच समाधान मानणाऱ्या आपण अध्यापकांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.