आदि : कथेच्या आधीची कथा

पूर्वरंगाचं निरूपण झालं, नामाचा गजर झाला, बुक्का लागला. आता उत्तररंगात आख्यान लावायचं ते ज्ञानोबारायांचं. पण पैठणच्या रेड्यापाशी एकदम जायचं नाही. का, ते ऐका.

रेड्यानं वेद म्हटले एवढंच सांगितलं, की लहान मुलं टाळ्या वाजवतात आणि मोठी माणसं खरं की खोटं यात अडकून बसतात. ही चार भावंडं पैठणला आलीच कशाला, कुणापाशी काय मागायला आली, हे आधी कळायला हवं. नामदेवरायांच्या गाथेत ज्ञानदेवांच्या चरित्राची तीन प्रकरणं आहेत : आदि, तीर्थावळी आणि समाधी. पाहा, पहिल्या प्रकरणाचं नावच ‘आदि’! पूर्वकथेला तिथं स्वतंत्र प्रकरणाचा मान आहे. पुढं महिपतीबुवांनी ‘भक्तविजय’ लिहिला, शके १६८४ मध्ये. आम्ही कीर्तनकार आख्यानं उचलतो ती बहुतेक तिथूनच.

तर आदि अशी. आपेगावचे विठ्ठलपंत. आळंदीच्या सिधोपंतांची मुलगी रुक्मिणी त्यांना दिलेली. पंतांचं मन संसारात रमेना. काशीला गेले, संन्यास घेतला. पुढं त्यांचे गुरू यात्रेला निघाले, वाटेत आळंदीला उतरले. रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, स्वामींनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. बाई म्हणाल्या, महाराज, हे कसं घडावं? नवरा तर काशीला संन्यासी झालाय. स्वामींनी चौकशी केली, तो आपलाच शिष्य निघाला! ते परत फिरले आणि शिष्याला आज्ञा केली, घरी जा.

हा प्रसंग काही जण वेळ वाचवायला गाळतात. मला ते पटत नाही. तो गाळला तर विठ्ठलपंत संन्यास मोडणारे ठरतात. सांगितला तर गुरूची आज्ञा पाळणारे ठरतात. सिधोपंतांना पडलेलं स्वप्न मात्र मी सोडून देतो. पैठणात ज्याचा उपयोग होणार नाही, ते कितीही गोड असलं तरी लांबवू नये.

समाजानं वाळीत टाकलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता अशी चार लेकरं झाली, पण मुंज करायला कुणी तयार नाही. प्रायश्चित्त विचारलं तर उत्तर मिळालं, देहान्त. आईबापांनी तेही घेतलं. तरी मुलांची वाट मोकळी झाली नाही; पैठणहून शुद्धिपत्र आणा म्हणाले. आता त्या रेड्याकडं बघा बरं! वेद म्हणायचा अधिकार कुणाला, हाच तर त्या पोरक्या मुलांचा खटला होता.

आपल्या पार्ल्यातही हेच. टिळक विद्यालयावरून तुम्ही रोज जाता. लोकमान्य गेले १ ऑगस्ट १९२० ला, शाळा निघाली १९२१ साली, आणि १९२३ ला लोकमान्य सेवा संघ. ही सालं शेजारी ठेवली की पाटीवरचं नाव निराळं वाचलं जातं.

आणखी एक गोष्ट. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली. शेवटी ज्ञानदेव आपली पूर्वपीठिका सांगतात, पण कोणती? आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. गुरूंची! आईबापांना काय भोगावं लागलं, त्याचा तिथं उच्चारही नाही. आणि पसायदानात दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांच्या मनातला वाकडेपणा जावा एवढंच मागतात. हे मागणारा कुणाचा मुलगा, ते नामदेवरायांनी ‘आदि’त सांगून ठेवलंय म्हणून त्या मागण्याचं वजन आपल्याला कळतं.

आता चला. गोदेचा काठ आहे, ब्रह्मसभा भरली आहे, आणि दारात चार पोरं उभी आहेत...