राजाश्रय आणि शर्यतीचा स्वार : एडगर ब्रिट

मावळातील वलवण येथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून साठ-पासष्ट किलोमीटरांवरील पुण्यात तो जेमतेम सातशे मिलिमीटर भरतो. पश्चिम भारतातील घोड्यांच्या शर्यतींचे वर्ष या भेदावरच बेतलेले आहे. पावसाळ्यात मुंबईतील महालक्ष्मीचे मैदान निरुपयोगी होत असल्याने शर्यती हिवाळ्यात मुंबईस व पावसाळ्यात पुण्यास, अशी वहिवाट पडली आणि घोडे, मोतद्दार व स्वार दरसाल बोरघाट चढू-उतरू लागले.

या वर्तुळात ज्या परदेशी स्वारांनी नाव कमावले, त्यांत एडगर ब्रिट (१९१३-२०१७) याचे स्थान वरचे आहे. हा ऑस्ट्रेलियन स्वार दुसऱ्या महायुद्धापूर्वीच हिंदुस्थानात आला व पुढे बडोद्याच्या गायकवाडांच्या आश्रयास राहिला. आपले मूळ मावळाशी जोडणाऱ्या या घराण्याच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीवर त्याने १९४३ साली पहिली इंडियन डर्बी जिंकली. प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ साली इंग्लंडमध्ये एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींस विकत घेतले. तेथील लिलावांतील तो तेव्हाचा उच्चांक होता. त्या शिंगरास ‘सयाजीराव’ हे नाव मिळाले आणि सप्टेंबर १९४७ मध्ये त्याच्यावर आरूढ होऊन ब्रिटने सेंट लेजर जिंकली.

ज्या सयाजीरावांचे नाव त्या घोड्यास दिले, त्यांनी १९०६ साली आपल्या संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले होते. त्यांच्या नातवाने खजिन्यातून उचललेल्या रकमांविषयी मात्र १९४८ पर्यंत बडोद्यातच तीव्र आक्षेप निघाले. संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले व १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची राजपदाची मान्यता काढून घेतली.

आश्रयदात्याच्या या ऱ्हासाचा परिणाम आश्रितावर झाला नाही, हे लक्षणीय होय. ब्रिटने १९४८ साली एका अमेरिकन मालकाच्या ‘ब्लॅक टार्क्विन’वर पुन्हा सेंट लेजर जिंकली. विलीनीकरणाच्याच वर्षी ‘म्युसिडोरा’वर वन थाउजंड गिनीज व ओक्स, १९५२ साली ‘फ्रीझ’वर ओक्स आणि १९५३ साली ‘निअरुला’वर टू थाउजंड गिनीज या शर्यती त्याच्या नावावर लागल्या. मालक बदलले, तरी त्याचे कौशल्य त्याच्याबरोबरच राहिले.

तथापि हे स्थैर्य सर्वांच्या वाट्यास आले असे मानणे सयुक्तिक ठरणार नाही. शर्यतींच्या निकालांत घोडा, मालक, शिक्षक व स्वार यांची नावे नोंदली जातात; घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचे नाव तेथे येत नाही. ज्या खजिन्याने घोडे पोसले तो रयतेचा होता आणि त्या घोड्यांबरोबर दरसाल घाट ओलांडणारे हात मोतद्दारांचे होते. स्वाराच्या कीर्तीचा इतिहास लिहिताना हे दोन्ही हिशेब तपासावे लागतात.