दिनविशेष : १५ सप्टेंबर
बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना (१८८३)

मुंबईत आठ निसर्ग-अभ्यासकांनी स्थापन केलेल्या या संस्थेच्या संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. लिनियसने रूढ केलेल्या द्विनाम पद्धतीनुसार प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचे शास्त्रीय नाव मिळते, ज्यातील पहिला शब्द वंश, म्हणजे निकटच्या जातींचा गट, आणि दुसरा त्यातील विशिष्ट जाती दर्शवतो. १९४८ मध्ये दक्षिण भारतात मिळालेला आणि संस्थेच्या संग्रहात भलत्याच जातीच्या नावाखाली राहिलेला वटवाघळाचा नमुना फेरतपासणीत सर्वस्वी नव्या वंशाचा ठरला व १९७२ मध्ये त्याचे ‘लॅटिडेन्स सलीमअलीआय’ असे नामकरण झाले. गिरगावच्या खेतवाडीत वाढलेले पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचे नाव त्यामुळे प्राणिशास्त्रात कायमचे नोंदले गेले.