काळ्या मातीच्या वाटा आणि टू-स्ट्रोक गाडीचा कार्बोरेटर

परभणी जिल्ह्यातील टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा इतिहास डांबरी रस्त्यांपेक्षा पाणंदींचा अधिक आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील काळी माती उन्हाळ्यात भेगाळून धुळीने भरते, पावसाळ्यात चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये घट्ट बसते. म्हणून आडवाटेने गाडी चालवणे येथे खेळ नव्हता, ती शेतापर्यंत पोहोचण्याची गरज होती. एसएचएल एम-११ या पोलिश गाडीवर बेतलेली राजदूत, म्हैसूरच्या कारखान्यातील येझदी आणि १९८५ मध्ये आलेली ९८ सीसीची यामाहा आरएक्स-१०० या मराठवाड्याच्या ग्रामीण भागाला परिचित झालेल्या गाड्या याच वर्गातील होत.

टू-स्ट्रोक इंजिन पिस्टनच्या एका चढ-उतारात आपले कार्यचक्र पुरे करते, आणि त्यातील भागांना वंगण पेट्रोल-हवेच्या मिश्रणाबरोबरच मिळते. आरएक्स-१०० मध्ये ऑइलची टाकी व पंप स्वतंत्र होते. राजदूतमध्ये ऑइल पेट्रोलच्या टाकीतच मिसळावे लागे. त्यात ऑइल जास्त ओतले तर इंजिन अधिक सुरक्षित राहते, ही समजूत अपुरी होती, कारण कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून, म्हणजे इंधनाच्या बारीक छिद्रातून, तेवढ्या प्रमाणात पेट्रोल कमी जाते आणि जळणारे मिश्रण उलट पातळ होते.

हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण राखणाऱ्या कार्बोरेटरमध्ये कमी रेसला पायलट जेट व एअर स्क्रू, मधल्या रेसला नीडल आणि पूर्ण रेसला मेन जेट यांचा प्रभाव असतो. मिस्त्री इंजिन गरम करून घेई, एअर स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत फिरवून साधारण दीड फेरा बाहेर काढी आणि इंजिनचा आवाज जेथे स्थिर व मोकळा होई तेथे थांबे. नीडलची क्लिप एक खाच खाली बसवली की नीडल वर उचलली जाऊन पेट्रोल वाढे. निकाल स्पार्क प्लग देई: तपकिरी रंग योग्य, ओलसर काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी.

जिल्ह्याची उंची चारशे मीटरच्या आसपास असल्याने डोंगराळ प्रदेशातील विरळ हवेचा प्रश्न येथे नव्हता. खरा फरक ऋतूंचा होता. चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात हवा विरळ होते, धुळीने एअर फिल्टर तुंबतो आणि दोन्ही कारणांनी मिश्रण दाट होते, तर हिवाळ्याच्या थंड सकाळी तीच गाडी चोकशिवाय चालू होत नाही. सर्वांत कठीण कसोटी चिखलाची होती, कारण पहिल्या गिअरमध्ये पूर्ण जोर लावूनही गाडी मंद सरकते, सिलिंडरच्या पंखांवरून वारा वाहत नाही, आणि ॲव्हरेज वाढावे म्हणून पेट्रोल आधीच कमी करून ठेवले असेल तर पिस्टन तापून जॅम होतो. दोन-चार किलोमीटरच्या ॲव्हरेजपेक्षा किंचित दाट मिश्रण ठेवणाऱ्या मिस्त्रीचा निर्णय अशा जमिनीवर निःसंशय अधिक शहाणपणाचा होता.

१९९६ मध्ये आरएक्स-१००चे उत्पादन थांबले, २००० च्या कडक प्रदूषण मानकांनंतर टू-स्ट्रोक मोटारसायकली कारखान्यांतून हळूहळू नाहीशा झाल्या, आणि एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांमुळे नव्या मोटारसायकलींमध्ये कार्बोरेटरची जागा बहुतांशी इंधन-इंजेक्शनने घेतली. कार्बोरेटर जुळवण्याचे हे ज्ञान पुस्तकांपेक्षा हातांत आणि कानांत साठलेले असल्याने, जिल्ह्यातील जुन्या मिस्त्र्यांकडून ते तपशीलवार लिहून घेण्याचे काम तंत्रशिक्षण संस्थांनी आताच हाती घ्यावे.