धडधडत्या ताऱ्यांचं कूळ: विजयदुर्ग की जमखिंडी?

जयगडहून किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की विजयदुर्ग लागतो. तिथले ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून सांगतात, १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेबाने हेलियम इथेच शोधला. या कट्ट्यांपाशी मी पोचलो तो ताऱ्यांच्या वाटेने. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या ताऱ्यांविषयी वाचताना कळलं, की त्यांच्यातल्या अनेकांची धडधड चालवतो तो हेलियमच!

असे तारे जुनेच ठाऊक: फाब्रिसियसने टिपलेला ‘मीरा’ १५९६चा, गुडरिकने टिपलेला ‘डेल्टा सेफाय’ १७८४चा. ‘डेल्टा सेफाय’सारख्या ताऱ्यांच्या धडधडीचं कारण मात्र १९५३मध्ये झेवाकिनने बसवलं. सुमारे ४०,००० अंशांच्या थरात हेलियम दुसरा इलेक्ट्रॉन गमावतो. थर दाबला गेला की अपारदर्शक होतो, उष्णता अडते, तारा फुगतो. मग थर निवळतो, उष्णता सुटते, तारा पुन्हा आकसतो.

तर या हेलियमच्या शोधाचा मान कोणाचा? १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होता. २० ऑक्टोबरला त्याने तिथूनच, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गात तो आला २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. कट्टे तेव्हाचेच असणार. लोकांनी दोन ग्रहणांची गाठ मारली. १८६८चा आपल्याकडचा एक दावेदार पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात होता. युरेनस शोधणाऱ्या हर्शलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शल. ढगांच्या फटीतून त्याला सूर्यज्वालेत लाल, नारिंगी, निळी अशा तीन रेषा दिसल्या. नारिंगी रेषा त्याच्या मापनात सोडियमच्या जागीच पडली. हेलियम डोळ्यांपुढे होता, ओळख पटली नाही. त्याच ग्रहणात गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने रेषा पाहिल्या, म्हणून कोणी त्याचं नाव पुढे करतात; पण नवं मूलद्रव्य त्यानेही म्हटलं नाही.

धडधडत्या ताऱ्यांच्या अभ्यासाचा पुढचा टप्पा अंतराळातला. ‘आरआर लायरी’ या धडधडत्या ताऱ्याचं एक आवर्तन १३ तास ३६ मिनिटांचं. एक शिखर रात्री दिसलं तर पुढचं उजेडात हुकतं. दीपगृहाचा एकाआड एकच झोत पाहणाऱ्याला मधला मंद आहे हे कसं कळावं? २००९मध्ये गेलेल्या केपलर दुर्बिणीला ना दिवस ना पावसाळा. तिने सलग पाहिलं आणि काही काळ एकाआड एक शिखर ठेंगणं निघालं. हे जाहीर झालं २०१० साली.

विजयदुर्गात हेलियम दिन जरूर साजरा व्हावा, पण फलकावर वर्ष १८९८ हवं. १८६८च्या मानात जमखिंडीचाही वाटा हवा.