किन्झुआ रेल्वे पूल : पुनर्बांधणी आणि जुना पाया

प्रस्तावना :
औद्योगिक वारशाच्या अभ्यासात वास्तूचे एकच बांधकामवर्ष नोंदविण्याचा प्रघात आहे. तथापि पुनर्बांधणी झालेल्या वास्तूत भिन्न काळांतील घटक एकत्र असतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील किन्झुआ पुलाच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उभारणी व पुनर्बांधणी :
अ‍ॅलेघेनीच्या डोंगराळ प्रदेशातील कोळसा, लाकूड व तेल यांच्या वाहतुकीसाठी किन्झुआ नदीचे खोल खोरे ओलांडणे आवश्यक होते. इ.स. १८८२ मध्ये तेथे घडीव लोखंडाचा ३०१ फूट उंच व सुमारे २,०५० फूट लांब पूल अवघ्या ९४ दिवसांत उभारण्यात आला. तत्कालीन जगातील तो सर्वांत उंच रेल्वे पूल होता. पुढे इंजिने व मालगाड्या अधिक जड झाल्याने १९०० मध्ये सुमारे चार महिन्यांत पोलादी मनोरे व तुळया बसविण्यात आल्या. दगडी चौथरे मात्र जुनेच राहिले. मनोरे चौथऱ्यांना जखडणारे १८८२ चे लोखंडी बोल्टही जोड देऊन पुन्हा वापरण्यात आले.

ऱ्हास व पतन :
१९५९ मध्ये मालवाहतूक थांबली. १९६३ मध्ये राज्याने पूल उद्यानासाठी संपादन करण्याचा निर्णय घेतला. पुढे त्यावरून पर्यटकांच्या गाड्या धावू लागल्या. २००२ मधील तपासणीनंतर त्या बंद करण्यात आल्या व २००३ च्या आरंभी दुरुस्ती सुरू झाली. ती चालू असतानाच २१ जुलै २००३ रोजी चक्रीवादळाने वीसपैकी अकरा मनोरे कोसळले. जुन्या बोल्टांचे गंजलेले जोड हे पतनाचे महत्त्वाचे कारण असल्याचे चौकशीत आढळले.

निष्कर्ष :
पतनाच्या वेळी पोलाद १०३ वर्षांचे, तर बोल्ट १२१ वर्षांचे होते. वादळ हे निमित्त खरे. परंतु वरच्या भव्य सांगाड्याची ताकद पायथ्याच्या दृष्टिआड जोडांवर अवलंबून होती. २०११ मध्ये उर्वरित मनोऱ्यांपैकी सहा मनोऱ्यांवर पादचारी मार्ग खुला झाला. कोसळलेले पोलाद खोऱ्यातच ठेवण्यात आले, हे इतिहासाच्या दृष्टीने उचित होय. सारांश, वारसा वास्तूची नोंद करताना नवे काय बांधले याबरोबरच जुने काय तसेच ठेवले, हेही नोंदविणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.